हे कोणी पाहिले?

मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. त्या काळात निबंधाच्या किती वह्या माझ्या हाताखालून गेल्या, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला की निम्म्या वह्यांत आकाश काळ्याकुट्ट मेघांनी आच्छादलेले असे, मोर पिसारा फुलवून नाचत असे आणि सृष्टीने हिरवा शालू नेसलेला असे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. भर वस्तीतल्या चाळीत राहणाऱ्या मुलांच्या वह्यांतही तो मोर नाचत असे. तो हिरवा शालू तर मी इतक्या वेळा तपासला आहे की, तो अजून विरला कसा नाही याचेच मला नवल वाटते.

या मुलांना मी कधी रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकारच नव्हता. मी स्वतः सातवीत असताना याहून भारी वस्त्रे सृष्टीला नेसवली होती. आणि तीसुद्धा अशा दिवसाविषयी लिहिताना, की ज्या दिवशी आमच्या घरातली वस्त्रे, भांडी, देव्हारा सारे वाहून गेले होते.

ते 1961 साल होते. आम्ही पुण्याला शनिवार पेठेत एका जुन्या वाड्यात राहत होतो. नदी तेथून हाकेच्या अंतरावर होती. वडील एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. घरात आई, आजी, मी आणि धाकटी बहीण. वाड्याच्या मागल्या चौकात एक काकू एकट्याच राहत. त्या सदाशिव पेठेत दोन घरी स्वयंपाकाला जात आणि त्यांनी एक शेळी पाळलेली होती. पांढऱ्या रंगाची, एका कानाला काळा ठिपका असलेली ती शेळी साऱ्या वाड्याच्या ओळखीची होती.

12 जुलै 1961, बुधवार. पानशेतचे धरण तेव्हा बांधून होत आले होते आणि त्यात पहिल्यानेच पाणी साठत होते. ते वाचवण्यासाठी जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते, हे आम्हांला पुढे कळले. सकाळी ते मातीचे धरण फुटले. त्याचे पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आले आणि दुपारी खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले. मुठेचे पाणी पुलांवरून गेले. नदीकाठच्या पेठांतली कितीतरी घरे पडली. संध्याकाळनंतर पाणी ओसरले, तेव्हा उरलेल्या भिंतींवर चिखलाची एक सरळ रेघ तेवढी दिसत होती. खडकवासल्याचा तलाव रिकामा झाल्यामुळे नळ कोरडे पडले. पुराने उद्ध्वस्त झालेल्या शहराला प्यायला पाणी मिळेना, आणि पेठांतल्या जुन्या आडांवर पुन्हा रहाट वाजू लागले.

आमच्या शाळेत पूरग्रस्त कुटुंबे उतरली होती, म्हणून शाळा काही आठवडे बंद होती. ती उघडली, तेव्हा वर्गात बाकांपेक्षा आठवणीच अधिक होत्या. आमच्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात निबंधाला विषय दिला : 'पूर'.

मला आनंद झाला. निबंधात मी हुशार समजला जाई. त्याचे कारण आज सांगायला हरकत नाही. वडिलांच्या छापखान्यात शाळकरी मुलांसाठी तयार निबंधांचे एक पुस्तक छापले जाई. त्याची पाने उलटसुलट बांधली गेलेली एक प्रत वडिलांनी घरी आणली होती, आणि मी ती जवळजवळ मुखोद्गत केली होती. त्यात 'नदीचा पूर' हा निबंध होता. पुस्तक पुरात गेले. पण पुराचा निबंध माझ्या डोक्यात कोरडा राहिला होता. तो मी उतरून काढला. 'अहाहा! काय तो प्रलयंकारी देखावा!' अशी सुरुवात केली. सरितेला रणचंडीचे रूप दिले. गवताच्या गंजी, गुरेढोरे आणि प्रचंड वृक्ष प्रवाहातून वाहत नेले. शेवटी निसर्गापुढे मानव किती दुबळा आहे, हे सांगून मी वही मिटली.

वही परत येण्याची मी मोठ्या उत्सुकतेने वाट पाहत होतो. त्या काळी आमचे निम्मे गुण अनुस्वारांतच जात. 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि न उच्चारले जाणारे पुष्कळसे अनुस्वार गेले. पण त्यापूर्वी आमच्या वह्या गोवर उठल्यासारख्या तांबड्या ठिपक्यांनी भरून परत येत. या वेळी माझ्या वहीवर एकही ठिपका नव्हता. गुणही नव्हते. समासात सहा ठिकाणी एकच वाक्य लिहिलेले होते : 'हे कोणी पाहिले?'

मी उभा राहिलो. गुरुजींनी विचारले, "काय रे, तू राहत होतास कुठे?"

"शनिवार पेठेत, गुरुजी."

"शनिवार पेठेत गवताच्या गंजी कुठे होत्या?"

वर्ग हसला. माझे कान तापले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढे विचारले, "तुमच्या घरात पाणी आधी कुठून आलं? दारातून?"

"नाही गुरुजी. मोरीतून आलं."

"मोरीतून? मग हे का नाही लिहिलंस?"

"मोरीचं काय लिहायचं, गुरुजी?"

हा प्रश्न मी खोडसाळपणाने केला नव्हता. मोरी हा शब्द निबंधात शोभेल असे मला खरोखरच वाटत नव्हते. निबंध म्हणजे सणासुदीला बाहेर काढण्याची शाल, आणि मोरी म्हणजे घरातली ओली, अंधारी जागा. दोघांची गाठ कशी पडणार? गुरुजींनी फळ्यावर 'मोरी' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आणि म्हणाले, "ज्या गावात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली 'निबंधमाला' सुरू केली, त्या गावची मुलं तुम्ही. शास्त्रीबुवांचं लोकांना पटो न पटो, पण ते लिहीत ते त्यांचं स्वतःचं असे. तू तुझ्या मोरीपासून सुरुवात कर. उद्या दाखव."

घरी म्हणजे आत्याच्या घरी, शुक्रवार पेठेत. आमचे बिऱ्हाड तेव्हा तेथेच होते. रात्री मी वडिलांकडे तक्रार केली. त्यांनी माझा निबंध कंदिलाजवळ धरून सावकाश वाचला. खिळे जुळवणारा माणूस इतरांसारखा वाचीत नाही. तो एकेक अक्षर उचलून पाहतो. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर आम्ही जुळवून बांधूनच ठेवतो. नवरानवरीची नावं, तिथी, मुहूर्त तेवढा बदलायचा. तुझा निबंध तसला आहे. यात मुठेचं नावसुद्धा घालायला विसरलास."

खरेच, साऱ्या निबंधात मुठेचे नाव नव्हते.

दुसरा निबंध मी कसाबसा लिहायला घेतला, आणि लिहिता लिहिता मलाच नवल वाटू लागले. मोरीतले पाणी नेहमी खाली जाते. त्या दिवशी ते वर येऊ लागले. आई म्हणाली, "मोरी तुंबली वाटतं," आणि तिने काठी घेऊन ती साफ करायला सुरुवात केली. इतक्यात रस्त्यावरून सायकलवर कोणी ओरडत गेले, "धरण फुटलं, पळा!" आईची कणीक मळून झाली होती. तिने ती परातीसकट उचलली. अर्ध्या वाटेवर परात जड झाली, तेव्हा तिने कणकेचा गोळा पंचात बांधला आणि परात एका ओळखीच्या ओट्यावर ठेवली. ती परात आम्हांला पुन्हा मिळाली नाही. त्या कणकेच्या पोळ्या आम्ही रात्री आत्याकडे खाल्ल्या.

आणि आजी! आजीला देव्हाऱ्यातले देव घे म्हटले, तर तिने चिनी मातीची लहानशी बरणी उचलली. त्या बरणीत विरजण होते. "हे माझ्या सासूबाईंच्या हातचं आहे. देव आपले आपण पाहून घेतील," असे म्हणून ती बरणी पदराखाली धरून निघाली. साऱ्या गर्दीत तिने ती एकदाही हिंदकळू दिली नाही. दुसऱ्या दिवशी आत्याच्या घरी त्याच विरजणाचे दही लागले.

हे मी लिहिले आणि मला वाटले, यात निबंध कोठे आहे? अहाहा नाही, रणचंडी नाही, शेवटी तात्पर्यही नाही. पण दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. कणकेच्या गोळ्याशी आल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा डोळे पुसू लागला. त्यांच्या घरचे सारे सुखरूप होते. पण त्यांचीही एक परात गेली असावी.

निबंध कसा लिहावा याविषयी गुरुजींनी आम्हांला नियम असे फारसे सांगितले नाहीत. त्यांच्या काही सवयी तेवढ्या होत्या, आणि त्या मी पुढे माझ्या वर्गात जशाच्या तशा चालवल्या. ते निबंधाचा पहिला परिच्छेद पट्टीखाली झाकून पुढचे वाचायला लावीत. वाचताना काही अडले नाही, तर तो परिच्छेद काढून टाकावा लागे. दहांपैकी सात वेळा तो निघून जाई; कारण मूल बोलण्यापूर्वी घसा खाकरते, तसा तो असे. दुसरी सवय अशी, की लिहिलेले घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवायचे ज्याला वाचता येत नाही. माझ्या बाबतीत ती आजी होती. तिला समजले नाही की ती सरळ विचारी, "म्हणजे काय रे?" आणि त्या ठिकाणी बहुधा एखादा उसना शब्द बसलेला असे. मला वाटते, आजीइतका कडक परीक्षक मला पुढे कोणत्याही परीक्षेत भेटला नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने पावसावर लिहिताना पहिल्या खेपेस तोच मोर नाचवला होता. मी तिला विचारले, "पाऊस आला की तुमच्या घरात काय होतं?" दुसऱ्या खेपेस तिने लिहिले, की छत गळते म्हणून आई चार ठिकाणी चार भांडी ठेवते आणि त्यांतल्या पितळी भांड्याचा आवाज आपल्याला आवडतो, पण घरी कोणी पाहुणे आले असले म्हणजे तो आवाज ऐकून लाज वाटते. त्या निबंधाला किती गुण द्यावे हे मला ठरवता येईना. गुणांची पद्धत अशा वेळी फार तोकडी पडते.

पण मी माझ्या निबंधाची गोष्ट अर्धवट सोडली. ती पुरी केली पाहिजे.

गुरुजींनी निबंध वाचून दाखवला, तो एक वाक्य वगळून. वही हातात आली, तेव्हा त्याच एका वाक्याशी समासात लिहिलेले दिसले : 'हे कोणी पाहिले?' वाक्य असे होते : 'मागल्या चौकातील काकूंची शेळी आम्ही वेळीच सोडून दिली, परंतु ती बिचारी प्रवाहाबरोबर वाहून गेली.'

शाळा सुटल्यावर गुरुजींनी मला थांबवून घेतले. म्हणाले, "तुझ्या साऱ्या निबंधात 'मी' आहे, 'आई' आहे, 'आजी' आहे. कोण काय करत होतं ते लख्ख दिसतं. या एकाच वाक्यात 'आम्ही' कुठून आलं? आणि 'बिचारी', 'प्रवाह' हे शब्द पुन्हा त्या पहिल्या निबंधातले. तुझी आजी प्रवाह म्हणते का?"

मी काही बोललो नाही. त्यांनीही फार विचारले नाही. "वही ने. वाटलं तर हे एवढं पुन्हा लिही. नाही वाटलं, तर खोडून टाक. खोडलंस तरी निबंध चांगलाच राहील," असे म्हणून त्यांनी छत्री उचलली.

ती वही तीन दिवस माझ्या दप्तरात पडून होती. वाक्य खोडून टाकणे सोपे होते. मी दोनदा दौत उघडलीही. पण त्या वाक्यावर रेघ ओढायला हात होईना, कारण आत काय आहे हे आता मला दिसू लागले होते. उसने शब्द आपण आळसाने घेतो, अशी माझी समजूत होती. त्या तीन दिवसांत मला कळले, की मी त्यांच्या आड उभा होतो. रणचंडी आणि प्रलय यांच्या गदारोळात एक शेळी सहज नाहीशी होते. मोरी, परात आणि विरजण आले, की तिच्या दाव्याची गाठसुद्धा दिसू लागते.

चौथ्या दिवशी मी लिहिले. आई निघताना मला म्हणाली होती, "मागे जाऊन काकूंची शेळी सोडून ये." मी मागल्या चौकाच्या दारापर्यंत गेलो. चौकात घोट्याइतके गढूळ पाणी फिरत होते. शेळी पलीकडे खुंट्याला बांधलेली होती आणि माझ्याकडे पाहून ओरडत होती. ती दहा पावलांवर होती. मी उंबऱ्यावरून पाऊल खाली टाकले नाही. मी परत आलो. आईने विचारले, "सोडलीस?" मी "हो" म्हटले.

एवढेच. जेमतेम सहासात ओळी झाल्या. त्यांत एकही विशेषण शोभेसाठी घातलेले नव्हते, कारण शोभेचे काही सुचलेच नाही.

फार वर्षांनी, शिक्षक होण्याचे शिक्षण घेत असताना, मी वाचले की फ्रान्समध्ये माँतेन नावाच्या लेखकाने 1580 साली स्वतःविषयीचे लेख प्रसिद्ध केले आणि त्यांना जे नाव दिले, त्याचा अर्थ 'अजमावून पाहणे' असा होतो. आपला 'निबंध' हा शब्द मात्र बांधण्यावरून आलेला आहे. दोन्ही शब्द मला पटतात. माझा पहिला निबंध पक्का बांधलेला होता. तिसऱ्या खेपेस मी काय अजमावून पाहत होतो, ते मी जाणतो.

गुरुजींनी त्या ओळी माझ्यासमोरच वाचल्या. एका ठिकाणी माझा 'ळी' ऱ्हस्व पडला होता, तो त्यांनी दीर्घ केला. मग वही मिटून मला विचारले, "काकूंना सांगितलंस?"

"नाही, गुरुजी."

"वर्गात मी हे वाचणार नाही. ज्यांना वाचून दाखवायला हवं, त्या वर्गात नाहीत."

काकू तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी एका ओळखीच्या घरी पडवीत राहत होत्या. रविवारी मी तेथे गेलो. त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी आजीची, आईची चौकशी केली. मी म्हटले, "काकू, मी निबंध लिहिला आहे. तुम्हांला वाचून दाखवू?" त्यांना अक्षरओळख नव्हती. "वाच की," त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवून ऐकू लागल्या.

मोरीशी त्या हसल्या. परातीशी "अरेरे" म्हणाल्या. शेळीच्या ओळी आल्या, तेव्हा माझा आवाज बसला. पण मी त्या शेवटपर्यंत वाचल्या आणि मान खाली घालून बसून राहिलो. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. तांदळातला एक खडा त्यांनी उचलून बाहेर टाकला.

मग त्या म्हणाल्या, "मागची भिंत पडली, तिच्याखालून बापयांनी तिला काढली, तेव्हा मी तिथंच उभी होते. दावं खुंट्याला होतं. गाठ मी मारलेली, तशीच्या तशी होती. मला त्याच दिवशी कळलं."

"मग तुम्ही मला विचारलं का नाही, काकू?"

"काय विचारायचं? ती भिंत कधी पडली ते कुणाला ठाऊक आहे? तू आत गेला असतास तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. "पण तुझी आई भेटली की म्हणायची, पोरानं शेळी सोडली होती हो. ते ऐकायला मला बरं वाटत नसे. आता तिलाही सांग."

मी मान हलवली. उठण्यासाठी वही गुंडाळू लागलो, तेव्हा त्यांनी विचारले, "तुझ्या आजीचं ते विरजण खरंच वाचलं?"

"हो. रोज दही लागतं."

"मग उद्या येताना वाटीभर आण बाबा. आता दूध विकतचंच घेते, पण इथं दही काही मनासारखं लागत नाही."

त्या रात्री मी आईला सांगितले. ती काही बोलली नाही. तिने माझ्या पानात पोळी वाढली आणि दिवा बारीक केला. सकाळी आजीने स्वतः वाटीत विरजण घालून तिच्यावर फडके बांधले. ती वाटी दोन्ही हातांत धरून मी शुक्रवार पेठेतून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा थांबून फडके ओले झाले नाही ना, ते पाहिले. काकू दारातच उभ्या होत्या.